ओल भिंतीची, ठपका बाईवर

जुलै-ऑगस्टमध्ये वह्या तपासायला घेतल्या की कोणत्या मुलाच्या घरात ओल आहे हे मला अक्षर वाचायच्या आधी वासावरून कळतं. पानं मऊ पडलेली असतात, पुठ्ठा फुगलेला असतो आणि कोपऱ्यात हिरवट-काळे ठिपके असतात. वर्गात त्याच मुलांचा खोकला जास्त लांबतो, हेही इतक्या वर्षांत नजरेत आलं आहे. मी डॉक्टर नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर एक स्वतंत्र पुस्तिकाच काढली होती. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, धाप, दम्याचा त्रास जास्त होतो, असं अनेक देशांतले अभ्यास तपासून त्यात सांगितलं आहे. म्हणजे हे केवळ माझ्या नाकाचं निदान नाही.

दोन भाषा शिकवतो म्हणून शब्दांकडे आपोआप लक्ष जातं. मराठीत 'ओल' हा शेतकऱ्याचा आवडता शब्द. जमिनीत ओल आहे म्हटलं की पेरणी होते, आणि माणसात ओलावा आहे म्हटलं की ते कौतुकच असतं. उर्दूत 'नमी' डोळ्यांत येते आणि शायर तिच्यावर जीव टाकतात. हीच ओल झोपायच्या खोलीच्या भिंतीत शिरली की तिला 'सीलन' म्हणतात आणि मग तिच्याकडे कुणी बघत नाही. मुशायऱ्यात सीलनचं नाव निघालेलं मी तरी ऐकलेलं नाही. ती घरातल्या बाईच्या वाट्याला येते. पुसायचं तिने, आणि बोलणीही तिनेच खायची.

मला मुख्यतः या बोलण्यांबद्दलच लिहायचं आहे. भिंतीला बुरशी आली की पाहुणा, घरमालक, गवंडी आणि कधीकधी नवरासुद्धा एकच सांगतो: घर बंद ठेवता, कपडे आत वाळवता, पाणी फार सांडता, साफसफाई नीट करत नाही. यात थोडं तथ्य आहे, त्याकडे पुढे येतो. पण आपल्या भागातल्या बहुतेक ओल्या भिंती बाईच्या सवयीने ओल्या झालेल्या नाहीत. त्या बांधतानाच तशा बांधल्या गेल्या, किंवा नंतर तडकल्या.

भिंतीत पाणी तीन वाटांनी येतं. एक खालून. जोतं बुटकं असलं आणि जोत्यावर पाणी अडवणारा थर टाकलेला नसला की दिव्यात वात तेल ओढते तशी वीट जमिनीतलं पाणी वर ओढते. ही ओल जमिनीपासून साधारण कमरेपर्यंत चढते आणि तिची वरची कड लाटेसारखी दिसते. दुसरी वाट बाहेरून: झडीचा पाऊस, फुटका पाइप, गळका स्लॅब, भिंतीतली भेग. हा डाग कुठेही येतो, पण आपल्याकडे बहुधा पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीवर, कारण पाऊस तिकडूनच मारा करतो. तिसरी वाट हवेतून. खोलीतली दमट वाफ थंड पृष्ठभागावर बसते आणि कपाटामागे, पलंगामागे, कोपऱ्यात वर काळे ठिपके उठतात. 'खिडकी उघडत नाही' हा आरोप लागू पडलाच तर तो फक्त या तिसऱ्या प्रकाराला. पहिल्या दोन वाटांनी येणारं पाणी जगातली कुठलीही गृहिणी खिडकी उघडून थांबवू शकत नाही.

कोणती ओल आहे हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. डाग असलेल्या जागेवर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा घ्यायचा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक-दोन दिवस ठेवायचा. थेंब खोलीकडच्या बाजूने जमले तर पाणी हवेतलं, प्लॅस्टिकच्या आत भिंतीकडून जमले तर ते भिंतीतलं. घरमालकाशी किंवा ठेकेदाराशी बोलायला जाण्याआधी हे करून फोटो काढून ठेवावा. आवाज चढवण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

किनाऱ्यावर आणखी एक भानगड आहे. चिंचणीपासून झाईपर्यंतच्या पट्ट्यात अशी घरं आहेत, जिथे पाऊस संपून महिना झाला तरी भिंत ओलीच लागते. उन्हाळ्यात त्याच भिंतीवर पांढरी भुकटी येते आणि रंगाचे पोपडे सुटतात. याला आपण लोणा लागला म्हणतो. ते मीठच असतं. कुठे ते जमिनीतल्या पाण्याबरोबर वर चढतं, कुठे खाडीची रेती न धुता वापरल्यामुळे गिलाव्यातच येऊन बसलेलं असतं. मिठाची बरणी पावसाळ्यात उघडी राहिली की काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे. ती भिंतही तशीच हवेतलं पाणी ओढून घेते. अशा भिंतीवर कितीही महागाचा रंग लावा, दोन पावसाळ्यांत तो खाली उतरतो. तिथे खारावलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढायचा आणि वीट पूर्ण सुकू देऊन चांगल्या रेतीने नवा करायचा, हा त्यातल्या त्यात खरा इलाज आहे. तो खर्चिक आहे. म्हणून लोक रंग लावतात, किंवा चार फुटांपर्यंत टाइल्स बसवतात. टाइल्स बसल्या की ओल टाइल्सच्या वर जाऊन बसते. बैठकीच्या खोलीत पाहुण्याला ते दिसत नाही, एवढाच काय तो फायदा.

किनारा सोडून पूर्वेला तलासरीकडे गेलं की गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर होते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा आणि आजूबाजूच्या गावपाड्यांत जमीन हादरायला लागली. मोठा भूकंप एकही नाही, पण लहान-लहान धक्क्यांची रांग लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात अनेक धक्के बसले. त्यातला मोठा चारच्या वर होता, आणि घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. त्याच वर्षी जुलैत भर पावसात रात्री धक्का बसला, घर कोसळलं आणि एक माणूस गेला. प्रशासनाने तंबू दिले. थंडीत लोक बाहेर झोपले. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी उपकरणं लावली. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांत मुरल्यामुळे हे होत असावं, अशी शक्यताही मांडली गेली. वर्तमानपत्रांनी तेव्हा बरंच छापलं.

त्यानंतरची गोष्ट फारशी कुणी छापली नाही. घर पडलं तर बातमी होते, पंचनामा होतो. घर तडकलं तर पंचनाम्याच्या कागदावर ते 'अंशतः' होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली केसाएवढी भेग, किंवा भिंत आणि स्लॅब यांच्यामधली आडवी फट उभ्या माणसाला धोक्याची वाटत नाही. पण आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वाऱ्याबरोबर आडव्या येणाऱ्या झडीला केसाएवढी भेग पुरते. पाणी आत शिरतं, गिलावा सुटतो, बुरशी धरते. धक्के थांबले किंवा विरळ झाले तरी ती भेग दर पावसाळ्यात उघडीच असते. भूकंपाचं नुकसान आपण धक्क्याच्या दिवशी मोजलं. ते दर जूनमध्ये पुन्हा होतं, हे कोणत्याच तक्त्यात आलं नाही.

यातली अनेक घरं घरकुल योजनेतली आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून सपाटीवरच्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा असं माप ठरलं. या पैशात काय होतं ते पाड्यावर जाऊन बघावं. भिंती उभ्या राहतात, वर छप्पर पडतं, दर्शनी भाग रंगतो, त्यावर योजनेचं नाव आणि वर्ष लिहिलं जातं, फोटो निघतो आणि शेवटचा हप्ता मिळतो. पण मागच्या आणि बाजूच्या भिंतींना बाहेरून गिलावा नसतो. उघडी वीट पावसात भिजत उभी असते. खिडकीवर छज्जा असला तर वीतभर, नसला तर नाहीच. जोतं हातभर, त्याच्याभोवती फरशी नाही, त्यामुळे छपरावरून पडणारं पाणी पायातच मुरतं. असं घर ओलं होणार नाही तर काय होईल? आणि मग कोणीतरी अधिकारी किंवा शिकलेला माणूस म्हणतो, या लोकांना पक्क्या घरात राहायची सवय नाही.

सवय नाही म्हणे. याच लोकांच्या आजा-पणज्यांनी या पावसात राहायचं घर कसं असावं ते पिढ्यान्‌पिढ्या आजमावलं होतं. वारली घराची भिंत कारवीच्या कुडाची, वर माती-शेणाचा लेप. छप्पर एवढं खाली उतरलेलं की आत जाताना वाकावं लागतं. ते वाकणं गरिबीचं नव्हतं. छप्पर खाली आल्यामुळे झड भिंतीपर्यंत पोचत नव्हती आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडत होत्या. मातीची भिंत ओल शोषते तशी सोडूनही देते. पावसाळा संपला की नवा लेप द्यायचा, म्हणजे दुरुस्ती वर्षाच्या वेळापत्रकातच होती. आणि जमीन हादरली तर कुडाची भिंत लवचिक, पडली तरी विटेच्या भिंतीसारखी माणसाला चिरडत नाही. आमच्या किनाऱ्यावरही पावसाच्या अंगाला झावळ्यांच्या झडपा बांधायची रीत होती. दिसायला गबाळी, पण भिंत कोरडी राहायची.

मी जुन्याच्या प्रेमात पडून लिहीत नाही. कुडाला वाळवी लागते, चुलीचा धूर लाकूड कोरडं ठेवतो पण बाईची छाती जाळतो, आणि दरवर्षी लिंपायचं काम कुणाच्या हाताचं होतं हेही आपल्याला माहीत आहे. पक्कं घर हा प्रत्येकाचा हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच की पक्क्या घराने छपराची लांबी, उंच जोतं आणि दुरुस्तीचं वेळापत्रक या तीन गोष्टी जुन्या घराकडून घ्यायला हव्या होत्या. त्या घेतल्या नाहीत, आणि त्याची किंमत राहणारा मोजतो.

आता थोडं दूर, इंग्लंडमध्ये. मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथे सुदानहून आलेलं एक मुस्लिम कुटुंब गृहनिर्माण संस्थेच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतं. वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली. त्यांना सांगण्यात आलं, वरून रंग लावा. नंतर वकिलामार्फत दावा केला, तर दावा मिटेपर्यंत दुरुस्तीच थांबली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा मुलगा अवाब इशाक गेला. त्याला नुकतीच दोन वर्षं पूर्ण झाली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या मृत्यू-तपास अधिकाऱ्यांनी स्पष्ट निष्कर्ष दिला की त्याच्या श्वसनाचा आजार घरातल्या बुरशीमुळे झाला होता.

या प्रकरणात मला सर्वात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. संस्थेच्या लोकांनी गृहीत धरलं होतं की बुरशी या कुटुंबाच्या राहणीमुळे आली आहे. धार्मिक पद्धतीच्या आंघोळीमुळे, बादलीने पाणी घेण्यामुळे खोलीत ओल होत असणार, असा त्यांचा कयास. कुटुंबाने सांगितलं की तसं काही नाही. नंतर संस्थेने कबूल केलं की आम्ही राहणीबद्दल गृहीत धरलं आणि ते चुकीचं होतं. फ्लॅटमध्ये हवा बाहेर टाकायची सोयच अपुरी होती. बघा, वजूच्या आणि गुसलच्या पाण्यावर बोट ठेवायला डहाणूच लागतं असं नाही. पुढे तिथे २०२३ च्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने तरतूद झाली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरमालकाला गंभीर ओलीच्या तक्रारीची दहा कामकाजाच्या दिवसांत चौकशी करावी लागते, धोका आढळला तर पुढच्या पाच दिवसांत तो दूर करावा लागतो, आणि तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत. एक मूल गेल्यावर.

हा कयास माझ्या ओळखीचा आहे. आपल्याकडे नाव ऐकून घर नाकारलं जातं हे मराठी मुसलमान वाचकाला सांगायची गरज नाही. इतर वाचकांनी मात्र त्याचा पुढचा भाग ऐकावा. चांगली घरं नाकारली गेल्यावर जे उरतं ते मिळतं: तळमजल्याची मागची खोली, गटाराला लागून असलेली भिंत, दोन पावसाळे कुणी न घेतलेला फ्लॅट. नवा रंग दिलेला असतो, त्यामुळे एप्रिलमध्ये काही दिसत नाही. जुलैमध्ये डाग वर येतो. तक्रार केली की उत्तर येतं, 'तुमच्या लोकांत माणसं जास्त, स्वयंपाक जास्त, म्हणून होतं.' आदिवासीला सांगतात पक्क्या घराची सवय नाही, आम्हाला सांगतात राहणी तशी. वीट, रेती आणि छज्जा यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते बोललं तर खर्च त्यांच्याकडे येतो.

कायदा अगदीच मुका नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ज्या शहरांत लागू आहे तिथे घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. अडचण अशी की हल्ली बहुतेकांकडे अकरा महिन्यांचा परवाना-करार असतो, आणि परवानाधारक हा कायद्याने भाडेकरू नसतो. म्हणून करार करतानाच ओल, गळती आणि भिंतींची दुरुस्ती कोण करणार हे एका ओळीत लिहून घ्यावं. घर बघायला शक्यतो पावसाळ्यातच जावं. नाहीच जमलं तर कपाटं सरकवून मागे बघावं आणि शेजारच्या बाईला विचारावं. ती खरं सांगते.

आता तो थोड्या तथ्याचा भाग. आपल्या मोहल्ल्यांत अनेक घरांत झोपायच्या खोलीची खिडकी गल्लीकडे उघडते आणि ती कायम बंद असते, वर जाड पडदा. कारण सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावर कुणी नाक मुरडू नये. पण त्याच खोलीत घरातली बाई आणि लहान मूल दिवसाचा सर्वात जास्त वेळ काढतात, हेही आपण मान्य करायला हवं. आडोसा आणि हवा यांतून एकच निवडावं लागतं असं नाही. आपल्या जुन्या इमारतींत जाळी याच कामासाठी होती. आज भिंतीत वर, डोक्याच्या उंचीच्या पलीकडे, सिमेंटची जाळी किंवा झरोका बसवायला फार खर्च येत नाही. समोरासमोर दोन असले तर उत्तम. नवीन घर बांधणाऱ्या प्रत्येक भावाने नकाशावर हे आधी मागावं, मग दर्शनी कमानीचं डिझाइन निवडावं.

खिडकीबद्दल मात्र इंग्लंडचा सल्ला जसाच्या तसा आपल्याकडे चालत नाही. तिथे बाहेरची हवा थंड आणि कोरडी असते. आत घेतली की ओल कमी होते. आपल्याकडे जुलैच्या संततधारेत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. तेव्हा खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर भिंत वाळणार नाही, गादी मात्र गार पडेल. उघडीप मिळाली, ऊन पडलं की सगळं उघडायचं. संततधार असेल तेव्हा पंखा चालू ठेवून हवा हलती ठेवायची. कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटं सरकवायचे, शक्यतो बाहेरच्या भिंतीला लावायचेच नाहीत. हाताने पिळलेले घरभराचे कपडे बंद खोलीत वाळले की काही लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत जातं. ते पडवीत, जिन्यात, निदान पंख्याखाली आणि दार उघडून वाळवावेत. किताबांचं कपाटही त्या भिंतीवरून हलवा. उर्दूची जुनी पुस्तकं आता पुन्हा मिळत नाहीत.

आलेली बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये. तिचे कण हवेत उडून थेट नाकात जातात. नाकातोंडाला फडकं किंवा मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कपड्याने पुसावी, मग कोरड्या कपड्याने, आणि ते कपडे टाकून द्यावेत. दम्याच्या माणसाला आणि मुलांना तेव्हा खोलीबाहेर ठेवावं. ब्लीच वापरायचं असेल तर पाण्यात पातळ करून, खिडकी उघडून. पण ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि लहान बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. जास्त साफ व्हावं म्हणून दोन्ही ओतणाऱ्या घरांबद्दल मी ऐकलं आहे, म्हणून हे ठळक सांगतो.

रंगाच्या दुकानात तुम्हाला प्लॅस्टिक पेंट किंवा ऑइल पेंट दाखवतील, धुता येतो म्हणून. ओल भिंतीतून येत असेल तर हा रंग भिंतीचं तोंड बंद करतो. पाणी मागे अडकतं आणि फुगे येऊन पापुद्रा सुटतो. चुन्याचा हात स्वस्त आहे, भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि त्याच्या दाहकपणामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही. आमच्या अम्मीच्या पिढीत ईदेच्या आधी नीळ घातलेला चुना घराला लागायचा. तो गरिबांचा रंग म्हणून आपण सोडला.

आणि ऑक्टोबरची उष्मा आली की लगेच भेगा भरायला घेऊ नका. भिंत आतपर्यंत वाळायला वेळ लागतो. दिवाळीनंतर, थंडीच्या कोरड्या हवेत, बाहेरच्या बाजूने आधी काम करावं: भेगा, गिलावा, छज्जा, जोत्याभोवतीची फरशी, छपराच्या पाण्याचा पाइप. आतला रंग सर्वात शेवटी. तलासरीकडच्या ज्या घरांना धक्क्यांनी भेगा पडल्या आहेत त्यांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत भेगांची यादी फोटोंसह लेखी द्यावी, आणि घरकुलाच्या नव्या मंजुरीत बाहेरचा गिलावा आणि दोन फुटांचा छज्जा धरावा असा ठराव मागावा. अर्ज मराठीत नीट लिहून हवा असेल तर माझ्यासारखे शिक्षक प्रत्येक गावात आहेत. शाळा सुटल्यावर अर्धा तास लागतो.